चढावरचं अ‍ॅव्हरेज

दुपारी मुलीला लशीचा डोस द्यायला निघालो होतो, एवढंच. हे गाडी चालवत होते, मी शेजारी, चार वर्षांची चिमी मागच्या सीटवर. गाडी माझ्या सासऱ्यांची, जुनी डिझेलची. मामंजींना जाऊन तेव्हा सात महिने झाले होते.

मधे काही विचारू नका. एकदा थांबले की पुढचं सांगवणार नाही मला.

मामंजी डिझेलच्या बाबतीत भारी चिक्कू. उतार लागला की गाडी न्यूट्रल. "लिटरला अठरा देते, सूनबाई. एवढ्या खुराकात तुझा नवरा चालेल का एवढा?" असं म्हणायचे.

त्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा उगाचच लागायचा. मिस्त्री म्हणाला होता, वायर जुनी झालीय, काही होत नाही. पण माझा जीव मुळातच घाबरट. दिवा लागला की मी गाडी थांबवायला लावायचे. एक दिवस चिमीच्या गुडघ्याला लावायची जखमेची पट्टी घेतली आणि दिली त्या दिव्यावर चिकटवून. मामंजी हसले. "गाडीला खरचटलं का गं?" पण काढली नाही त्यांनी. माझ्यासाठीच राहू दिली.

पट्टी लांब होती. शेजारचा ऑइलचा लाल दिवाही तिच्याखाली गेला. ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

चौथ्या दिवशी ऑइल गळून गेलं आणि भर चढावर इंजिन जाम झालं. मामंजी एकटेच होते. छातीचं दुखणं असलेला माणूस, पण गाडी कडेला घ्यायला मागून ढकलत बसले. आम्ही पोचलो तेव्हा चाकाला टेकून बसले होते, डोळे उघडे. डिकीवरच्या धुळीत त्यांचे दोन पंजे उमटलेले. हे बाबांकडे धावले. मी आधी गाडीचं दार उघडलं आणि पट्टी काढून मुठीत घेतली.

हो. आधी ते केलं.

मिस्त्री म्हणाला, "लाल दिवा लागलाच असणार. दिसत असून थांबले कसे नाहीत?" झालं, सगळ्यांनी ठरवून टाकलं. चढावर थांबून पुन्हा निघायला डिझेल जास्त जळतं, ते वाचवायला गेला म्हातारा आणि जिवाला मुकला. हे तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, बाबांचा चिक्कूपणाच नडला. सासूबाई खाली मान घालून ऐकायच्या. मी गप्प.

इंजिन नव्यानं बांधल्यावर गाडी लिटरला बावीस द्यायला लागली. मग सव्वीस. हे खूश. मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला, "अहो, ही गाडी इतकं देणं शक्यच नाही. मागून कुणी ढकलतं की काय?" दोघं हसले.

तर त्या दुपारी तोच चढ आला. इंजिनाचा आवाज बारीक बारीक होत गेला आणि बंद पडला. गाडी मात्र चढतच होती. टायरखालची खडी करकरत होती. आणि मागून... धाप. लांब, घरघरती. गाडीभर बामाचा वास सुटला, मामंजी छातीला चोळायचे त्या बामाचा.

"ऐकलंत...?"

"गप्प बस," हे म्हणाले. स्टिअरिंगवरची बोटं पांढरी पडली होती.

चिमी मागच्या काचेला नाक लावून उभी होती. "आई... आजोबा दमले गं..."

समोर लाल दिवा लागला होता. आता त्याच्यावर काही नव्हतं.

"पट्टी मी लावली होती!" मी ओरडलेच. "त्यांना दिवा दिसलाच नाही... नंतर काढलीही मीच. त्यांची काही चूक नव्हती हो..."

धाप थांबली. गाडीही थांबली. ह्यांनी हँडब्रेक ओढला. मग किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू झालं. चिमीला डोस देऊन परतलो.

घरी येऊन सासूबाईंनाही सांगितलं. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सात महिने मी त्यांना नावं ठेवू दिली. तू समोर बसून ऐकत होतीस."

लाल दिव्यावर पट्टी नकळत गेली माझ्या हातून. काढली ती मात्र कळून.

मला वाटलं, आता तरी मामंजी सुटले. गाडीही लिटरला अठरावर आली. मग सोळावर. आता चौदा. मिस्त्रीनं सगळं तपासलं, कुठे गळती नाही, कसला दिवा नाही. काल तो मागच्या चाकाशी वाकून म्हणाला, "वहिनी, मागं डाव्या बाजूला रोज कोण बसतं? चांगलं वजनदार माणूस दिसतंय. तिकडची स्प्रिंग पार बसलीय."

मी म्हटलं, कुणी नाही.

मागं फक्त चिमी असते. तीही हल्ली उजव्या दाराशी, अंग चोरून बसते.