आवळवाडीचा चकवा

दिनेश शेवाळेची अर्धी हयात जमीन मोजण्यात गेली होती. सुरगाण्याची जंगलं, सिन्नरच्या कारखान्यांमागची पडीक रानं, धुळ्याकडचे उघडेबोडके माळ, सगळीकडे तो यंत्र खांद्यावर टाकून फिरला होता आणि कुठंही, कधीही रस्ता चुकला नव्हता. त्याची बायको मोहिनी म्हणायची, "ह्यांना नरकात नेऊन सोडलं तरी आधी उत्तर दिशा कुठली ते बघतील." ती त्याला 'अहो' म्हणून क्वचितच हाक मारी. 'ओ सर्व्हेवाले!' ही तिची हाक. नाशिकच्या गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, भाजीबाजारात ती हाक आली की भाजीवाल्याही मान वळवून हसायच्या.

मोहिनीला जाऊन दोन वर्षं होत आली होती. सकाळी डोकं ठणकतंय म्हणाली आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. त्यानंतर इंदिरानगरच्या त्या फ्लॅटमध्ये दिनेश आणि त्याची मुलगी पूजा असे दोघंच उरले. पूजा गावोगावी शाखा असलेल्या औषधांच्या दुकानात नोकरीला होती. संध्याकाळी दोघं समोरासमोर बसून जेवत. "भाजी वाढू?" "नको." एवढंच बोलणं. भांडण नव्हतं, राग नव्हता. घरातला बोलका माणूस गेला होता, आणि उरलेल्या दोघांना सुरुवात कुठून करायची ते उमगत नव्हतं.

त्या भाद्रपदात विजेच्या टॉवरच्या नव्या लाईनसाठी दिनेशला इगतपुरीच्या पुढं आवळवाडीच्या पठारावर जावं लागलं. गाडीचा ड्रायव्हर गोरक्ष खालच्या वळणावर थांबला. "साहेब, ढग उतरतायत. चहा घेऊन जाऊ की वर," तो म्हणाला. टॉवरच्या जागेची एकच खूण तपासायची राहिली होती. दिनेश एकटाच चढून गेला.

पठारावर सोनकी फुलली होती. नागलीची खाचरं हिरवीगार दिसत होती आणि पायाखालची जमीन पाणी पिऊन फुगलेल्या पावासारखी दबत होती. त्यानं खूण तपासली, फोटो घेतला आणि परत फिरला. तेवढ्यात दरीतून धुकं वर आलं. इगतपुरीकडं ते असंच येतं, दार लोटून आत यावं तसं. समोर एक उंबर होता, बुंध्यापाशी वाकलेला. त्याच्या डाव्या अंगानं दिनेश उताराला लागला.

थोडं चालल्यावर समोर उंबर आला. बुंध्यापाशी वाकलेला.

दुसरा असेल, असं त्याला वाटलं. पुन्हा चालला. ओढ्याचा आवाज उजवीकडं ठेवला, उतार पायांना नीट कळत होता. आणि पुन्हा तोच उंबर, तीच खालची मोडकी फांदी, चिखलात त्याच्याच बुटांचे ठसे. हातातल्या जीपीएसवर त्यानं नजर टाकली. मघापासून एवढा चालला होता, पण पडद्यावर त्याच्या वाटेची रेघच उमटली नव्हती. नुसता एक ठिपका होता. यंत्राच्या मते तो जागचा हललाच नव्हता.

मग पुढून, धुक्यातून, हाक आली.

"ओ सर्व्हेवाले! इकडून. इकडून रस्ता आहे."

दिनेश चालायचा थांबला. भीतीनं नव्हे. शेवटच्या 'आहे'वर आवाज किंचित वर न्यायची मोहिनीची लकब होती, आणि ती लकब आपण विसरून गेलो होतो हे त्याला त्या क्षणी कळलं. फोनमधल्या व्हिडिओंत ती नव्हती, स्वप्नातही कधी आली नव्हती. इथं होती. तो त्या आवाजामागं चालू लागला. हाक तेवढ्याच अंतरावरून येत राहिली, जरा पुढून, जरा हसत. उंबर येत होता, जात होता. दिनेशनं त्याच्याकडं बघणं सोडून दिलं.

"ओ दादा! बसा खाली! हाय तिथंच बसा!"

हा आवाज वेगळा होता, खरखरीत. प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेतलेली एक म्हातारी शेळ्या हाकत धुक्यातून आली आणि तिनं त्याचा दंडच धरला. "पायातलं काढा. उजवं डाव्यात, डावं उजव्यात घाला. काढा म्हन्ते ना!"

त्यानं मुकाट्यानं बूट काढले आणि उलटसुलट घातले. धुकं विरलं. खाली, हाकेच्या अंतरावर, गोरक्ष गाडीच्या बॉनेटवर ग्लास ठेवून चहा पीत उभा होता.

म्हातारीचं नाव बायडाबाई. तिनं त्याला आपल्या पडवीत नेऊन बसवलं, काळा चहा दिला.

"चकवा लागला व्हता तुम्हाला," ती म्हणाली.

"धुकं होतं, मावशी. माणसाचा अंदाज चुकतो."

"आसंल." ती भांडणाऱ्यातली नव्हती. "इथं समदेच हाईत. खालच्या धरनात आसरा हाईत. त्या पान्याच्या पोरी, गोड बोलून वढून नेत्यात. पिपळावर मुंजा हाय, तो नुसता दगडं मारतो, पोरच ते. वेताळाची पालखी निघती आवसंला. त्याला बोकड लागतो, मुंज्याला लंगोटी लागती, आसरांना हिरवी चोळी. पन ह्या चकव्याला काय वाहायचं ते आजवर कुनाला गावलं नाय. त्याला काय नकोच."

"मग तो हे करतो कशाला?"

बायडाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "हाक कुनाची आली?"

दिनेशनं चहाचा कप खाली ठेवला. "बायकोची."

"मंग तुम्ही परत येनार," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात धमकी नव्हती. वाईट वाटल्यासारखं ती बोलली. "माझा भाऊ बी जायाचा."

तिच्या भावाचं पुढं काय झालं, हे विचारायचं दिनेशच्या ओठांवर आलं होतं. त्यानं विचारलं नाही.

त्यानंतर सुट्टीचा दिवस आला की दिनेश आवळवाडीला जाऊ लागला. पूजाला तो साईटचं काम सांगायचा. सकाळी निघायचा, पठारावर जाऊन धुक्याची वाट बघत बसायचा. धुकं आलं की उंबर यायचा आणि हाक यायची. मोहिनीनं दुसरं काही सांगितलं नाही, निरोप दिला नाही, गुपित फोडलं नाही. नुसतं 'इकडून', नुसतं 'रस्ता आहे'. तेवढ्यावर त्याचा आठवडा निघायचा. मन भरलं की तो खाली बसे, बूट उलटे घाले आणि परत येई. तेवढा आपला आपल्यावर ताबा आहे, असं त्याला वाटत होतं. पण दर खेपेला खाली बसायला उशीर होत होता.

पंचवटीत मोहिनीचे विधी केलेले गुरुजी त्याला एकदा रामकुंडाजवळ भेटले. दिनेशनं सहज म्हणून विषय काढला. चकवा म्हणजे पिशाच्चच ना?

गुरुजी हसले. "अहो, आपल्या जुन्या लोकांनी यक्ष, गंधर्व, अप्सरा, पिशाच्च आणि भूत हे सगळे एकाच पंगतीला बसवलेत. सगळ्या देवयोनीच म्हणायच्या."

"मग चांगला कुठला आणि वाईट कुठला, हे कसं ओळखायचं?"

"तो आपल्याला काय देतो ते बघून नाही ओळखता येत," गुरुजी म्हणाले. "आपल्या घरातून काय कमी होतंय, ते बघावं."

त्याला ते बोलणं आवडलं नाही. घरी येऊन तो जेवला आणि झोपला. पूजा काहीतरी सांगत होती, तिच्या नाशिकबाहेरच्या बदलीबद्दल. दुसऱ्या दिवशी त्याला त्यातलं काही आठवेना.

पुढच्या रविवारी तो निघाला तेव्हा पूजा बूट घालून दारात उभी होती.

"गोरक्षकाकांना फोन केला होता मी. तुमचं तिकडचं काम कधीच संपलंय म्हणाले. बाबा, तुम्ही कुठं जाता?"

दिनेशला खोटं सुचलं नाही. गाडी घोटीच्या पुढं जाईस्तोवर त्यानं तिला सगळं सांगितलं. ती रडेल किंवा चिडेल असं त्याला वाटलं होतं. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "मलाही ऐकायचाय आईचा आवाज."

पठारावर गवत पिवळं पडायला लागलं होतं. दोघं बराच वेळ दगडावर बसले. पूजानं डब्यातून पोळीभाजी काढली, त्यानं खाल्ली. आणि मग दरीतून धुकं आलं.

"हात सोडू नकोस," तो म्हणाला.

दोघं चालू लागले. उंबर आला. दुसऱ्यांदा आला, तेव्हा पूजानं त्याचा हात घट्ट धरला. दिनेश कान देऊन होता. एकेक पाऊल टाकून थांबत होता.

हाक आली नाही.

तो आणखी चालला. ओढा वाजत होता. पानांवरून पाणी ठिबकत होतं. बाकी काही नाही. पहिल्यांदाच त्या धुक्यात त्याला एकटं वाटलं.

"मोहिनी," तो हळूच म्हणाला.

काही नाही.

मग त्याच्या लक्षात आलं की पूजा आता त्याच्या मागून चालत नव्हती. ती पुढं झाली होती आणि त्याला ओढत होती. तिचा चेहरा उजळला होता. लहानपणी शाळा सुटल्यावर फाटकातून धावत येताना दिसायचा, तसा.

"आईचा आवाज आला?" त्यानं विचारलं.

तिनं मान हलवली. नाही.

"मग कोण आहे?"

"बाबा आहेत पुढं," पूजा म्हणाली. "मला ठकू म्हणून बोलावतायत."

दिनेश जागीच थांबला. "पूजा, मी इथं आहे. हा बघ. माझा हात आहे हा."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. ओळखलं, पण परक्या माणसाला ओळखावं तसं. आणि हळूच आपली बोटं सोडवायला लागली.

त्यानं तिला खाली ओढून बसवलं. ती सुटायला धडपडत होती. त्यानं तिच्या पायांतले बूट ओरबाडून काढले, उलटे चढवले, स्वतःचेही चढवले. धुकं विरलं. समोर लख्ख ऊन होतं आणि खाली त्यांची गाडी उभी होती.

पूजा गवतात बसून हमसून रडत होती. "किती दिवसांनी हाक मारली होती बाबांनी," ती म्हणाली. "का थांबवलंत?"

लहानपणापासून दिनेश तिला ठकू म्हणायचा, पण मोहिनी गेल्यापासून त्यानं तिला त्या नावानं एकदाही हाक मारली नव्हती. नाव आठवतच नव्हतं असं नाही. घरात ते नाव उच्चारलं तर दुसरी हाकही, मोहिनीची, आठवेल, म्हणून त्यानं दोन्ही बंद केल्या होत्या. जिवंत बाप रोज समोर बसत होता, आणि ती मात्र त्याची वाट बघत होती.

परतताना गाडीत तो बोलत राहिला. सुचेल ते. बदलीचं काय ते पुन्हा सांग म्हणाला. घोटीला थांबून तिला आवडतो तसा वडापाव घेतला. पूजा हो-नाही म्हणत होती, एकदा हसलीही. आवळवाडीला पुन्हा जायचं नाही, असं त्यानं तिच्याकडून कबूल करून घेतलं आणि स्वतःही कबूल केलं. त्या रात्री त्याला शांत झोप लागली.

सोमवारी सकाळी स्वयंपाकघरात कोवळं ऊन आलं होतं. बाहेर दूधवाल्याची गाडी वाजली, कुणाच्या तरी गॅलरीत कपडे झटकल्याचा आवाज झाला. दिनेश टेबलाशी बसला होता आणि पूजा पाठमोरी उभी राहून चहा करत होती. आजपासून तिला त्या जुन्या नावानं हाक मारायची, असं त्यानं उठल्याउठल्या ठरवलं होतं. तो शब्द जुळवत होता.

"आले हं, बाबा," पूजा लाडानं म्हणाली.

तो अजून काहीच बोलला नव्हता. ती खिडकीकडं तोंड करून उभी होती.

"ठकू," दिनेश म्हणाला.

तिनं वळून पाहिलं नाही.

"ठकू, मी इकडं आहे. ए ठकू!"

पूजानं गॅस बारीक केला. लांबचं काही ऐकताना करतात तशी मान जराशी तिरपी केली. आणि मागं न बघताच एक हात वर करून तिनं त्याला गप्प राहायची खूण केली.