बारीक टोकाची सुई

कार्ट्रिज कुठलं घ्यावं या चिंतेनं एखाद्या बाईची झोप उडावी, हे तिचं तिलाही हसण्यासारखंच वाटत होतं. पण उडाली होती खरी. रेकॉर्ड प्लेअरच्या दांड्याला पुढे बसवायची ती अंगठ्याएवढी डबी, तिच्या पोटात सुई, आणि त्या सुईनं आईचा आवाज खरवडून टाकला तर?

आईच्या आवाजाची ती एकच रेकॉर्ड उरली होती. आई बालवर्गाच्या बाई. लग्नाआधी एकदा हौसेनं स्टुडिओत जाऊन तिनं ती वर्गासाठी बनवून घेतली होती. आई त्यात एकेक प्रश्न विचारायची आणि मुलांना उत्तर देता यावं म्हणून मध्ये गप्प राहायची. असल्या रेकॉर्डवर लाखेचा मऊ थर असतो. दर वेळी वाजवताना तो थोडा झिजतो, आणि सुई चुकीची पडली तर एका फेरीत सगळं मातेरं. हे तिनं इतकं वाचलं होतं की डोळे मिटले तरी रेकॉर्डवरच्या खाचाच दिसायच्या.

आणि हा खटाटोप सगळा लेकीसाठी. लेक साडेतीन वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द फुटला नव्हता. कान उत्तम, जीभ मोकळी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, प्रश्न विचारत राहा आणि उत्तरासाठी थांबा. नेमकं थांबणंच तिला जमत नसे. प्रश्न तिचा, उत्तरही तिचंच. नवरा चेष्टेनं म्हणायचा, "तू मध्ये जागा सोडलीस तर बोलेल ना ती." तो हसून विसरून जायचा, ती छताकडे बघत पडायची. मग तिला सुचलं होतं, जागा सोडणं आपल्या आईला येत होतं.

कार्ट्रिजचं दुकान एका जिन्याखाली होतं. आत रबराचा आणि जुन्या पुठ्ठ्याचा वास. दुकानदारानं दोन डब्या काढून समोर ठेवल्या. तो गोल टोकाच्या सुईची शिफारस करत होता. जुनी सुई जिथून गेली तिथूनच ही जाणार, कटकट नाही.

"आणि ही दुसरी?"

"ती बारीक. खाचेच्या पार तळाला उतरते. आजवर तिथं कुठलीच सुई टेकलेली नसते... तिथं काय आहे ते कुणी ऐकलेलंच नसतं म्हणा ना."

न झिजलेली आई! ती तिथंच विरघळली. बरोबर आलेल्या लेकीनं तिची ओढणी धरून दाराकडे ओढायला सुरुवात केली. कंटाळली असेल, असं वाटून तिनं मागे न बघताच "झालं हं बाळा" म्हटलं आणि बारीक टोकाची सुई घेतली.

दुपारी तिनं पडदे ओढले, उन्हानं लाख मऊ पडू नये म्हणून. दांड्याचं वजन पुन्हापुन्हा तपासलं. श्वास रोखून सुई टेकवली.

आई इतकी जवळून बोलली की ओठ ओले केल्याचाही आवाज आला. "सांगा बरं मुलांनो, आकाशात काय दिसतं?"

मग ती रिकामी जागा. कॉलेजात असताना ऐकायची तेव्हा तिथं नुसती खरखर असायची. आज त्या खरखरीच्या खाली कुणीतरी श्वास घेतला.

"ढग..."

लहान मुलाचा आवाज. भिंतीला तोंड लावून बोलल्यासारखा.

लेक स्पीकरपाशी पालथी पडून गुणगुणत होती. मिटल्या ओठांनी, श्वास संपेपर्यंत, आणि शेवटी एक हुंदक्यासारखा झटका. तिची सवयच होती ती.

रेकॉर्ड तशीच चालू ठेवून, लेकीला तिथंच सोडून तिनं स्वयंपाकघरात जाऊन मावशीला फोन लावला. स्टुडिओत आईबरोबर मावशीच गेली होती. मूल? कुठलं मूल? काचेच्या खोलीत तुझी आई एकटीच होती, मावशी म्हणाली. नंतर हळू आवाजात म्हणाली, "शाळेत ती रेकॉर्ड चालली नाही गं. मुलं उत्तरच देईनात. म्हणायची, बाई, ती सांगतेय ना, मग आम्ही कशाला... आम्हा मोठ्यांना तर काही ऐकू यायचं नाही."

शहाण्या बाईनं त्याच क्षणी प्लेअर बंद केला असता. ती निघालीही होती त्यासाठी. पण दारातच तिचे पाय थबकले. आई विचारत होती, झाडावर कोण बसलंय? आणि उत्तर दोन ठिकाणांहून आलं. एक स्पीकरमधून, एक सतरंजीवरून.

"पाखरू."

लेक बोलली होती! स्पष्ट, ठसठशीत.

मग कसली भीती नि कसली लाख. तिनं रेकॉर्ड पुन्हा लावली, पुन्हा लावली. दर वेळी स्पीकरमधला तो आवाज थोडा विरत गेला आणि सतरंजीवरचा थोडा चढत गेला. हे तिच्या लक्षात आलं नाही असं नाही. आलं होतं. तरी तिनं सुई परत सुरुवातीला ठेवली.

संध्याकाळी नवरा आला, तर लेक म्हणाली, "बाबा, बूट बाहेर काढा." त्यानं तिला उचलून घरभर नाचवलं, आणि मग न्हाणीघरात जाऊन बराच वेळ तोंड धुतलं.

सकाळी तो कामावर गेला. लेक सतरंजीवर मांडी घालून ताठ बसली होती, हाताची घडी घालून. ही घडी तिला कुणी शिकवली नव्हती. उठल्यापासून तिनं एकदाही गुणगुणलं नव्हतं. आता बोलता येतंय, कशाला गुणगुणेल, असं स्वतःला समजावत तिनं रेकॉर्ड लावली.

"सांगा बरं मुलांनो, आकाशात काय दिसतं?"

रिकामी जागा आली. कालचा तो आवाज आला नाही. ती स्पीकरच्या जाळीला कान लावून राहिली. खूप खालून, पार तळातून, मिटल्या ओठांचं गुणगुणणं येत होतं. श्वास संपला... आणि शेवटी तो झटका.

तिनं सुई उचलली. रेकॉर्ड मुकीच फिरत राहिली. तिनं त्या फिरत्या काळ्या खाचांवर वाकून, ऐकू येईल न येईल अशा आवाजात विचारलं, "बाळा... तू आहेस का गं तिथं?"

मागे सतरंजी सरकली. वर्गात उत्तर द्यायला उभं राहावं तशी लेक उभी राहिली होती.

"तिला विचारू नका, बाई," ती म्हणाली. "तिला बोलता येत नाही."