भुरीचे पाय

"अनोळखी पक्षी! होड्या बंद!" असं म्हणून टिपक्याने लाल दिवा लावला आणि तो माझ्या डोंग्यासमोर आडवा झाला.

टिपक्या म्हणजे आमच्या तलावावरचा यंत्रमानव. बदकाएवढा, उन्हावर चालणारा. सन २०४८ मध्ये आमच्या गावातही असली खेळणी आली बरं का! मी रुखमा दुधपचारे, तलाव समितीची अध्यक्ष. शाळेत दोनच वर्षं गेले, पण साठ वर्षं या पाण्यात शिंगाडे तोडते. मला यंत्राने पक्षी शिकवावेत?

समोर शिंगाड्याच्या तरंगत्या पानांवर एक भुरकं पाखरू टुकुटुकु चालत होतं. पोट पांढरं, शेपूट आखूड.

"अरे बावळटा, ती भुरी आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास येते."

"यादीत भुरी नाही. ओळख पटेपर्यंत आठ दिवस होड्या बंद."

आता कुणावर ओरडणार? नव्या पाखराला त्रास होऊ नये म्हणून हा नियम मीच समितीत टेबल बडवून करून घेतला होता. पण शिंगाडे पिकले होते. आठ दिवसांत ते देठापासून सुटून गाळात जातील. मागे तीस बायका आपापल्या डोंग्यांत बसून माझ्याकडे बघत होत्या.

माझी नात निरू, वय वर्षं दहा, माझ्याच डोंग्यात होती. तिने विचारलं, "आजी, टिपक्याला पक्षी कुणी शिकवले?"

"मीच! श्रावणात त्याने फोटो काढले, आवाज टिपले, मी एकेकाचं नाव सांगितलं."

"म्हणजे त्याने फक्त पावसाळ्यातले पक्षी पाहिलेत. दाखवलं तेवढंच त्याला येतं. टिपक्या, रंग आणि शेपूट सोडून दे. बाकी सांग."

"रंग-शेपूट सोडल्यावर पाखरात उरतं काय गं?"

"शालू काढून ठेवला की नवरी बदलते का, आजी?"

मी वल्हं आडवं ठेवून टिपक्याकडे वळले.

"पायाची बोटं फार लांब," टिपक्या म्हणाला. "पानावर चालतो, बुडत नाही."

"का बुडत नाही?" निरूने माझ्याकडे पाहिलं.

हे मला येत होतं! "गाळावर आपण फळी टाकतो, मग पाय रुतत नाही. भार एका जागी न पडता पसरतो. त्याची फळी त्याच्या बोटांतच आहे."

तेवढ्यात भुरी उडाली. पंख पांढरेशुभ्र! आणि ओरडली ती मांजरासारखी, म्यांव.

"लांब बोटं, पांढरे पंख, मांजराचा आवाज," टिपक्याने जुळवलं. "यादीत असा एकच आहे. कमळपक्षी."

"काहीतरीच! कमळपक्षी काळा, मानेवर सोनं, शेपूट विळ्यासारखं वाकलेलं. पावसाळा सरला की जातो तो."

"जाताना पाहिलंस?" निरूने विचारलं.

नव्हतं पाहिलं.

"तो जात नसेल," निरू म्हणाली. "पिसपालट (जुनी पिसं झडून नवी येणं) होत असेल. अंडी-पिल्लांच्या दिवसांत नटायचं, मग साधे कपडे. पण तसं असेल, तर आत्ता एखादा अर्धवट बदललेलाही सापडायला हवा."

"सापडला नाही, तर तुझं खोटं," मी बजावलं.

टिपक्या पानांच्या कडेने हळू सरकत गेला. त्याच्या पाठीवरच्या पडद्यावर एकेक पाखरू मोठं होऊन दिसू लागलं. भुरी. भुरी. पुन्हा भुरी. आणि मग एक चितकबरं! पोट अर्धं काळं, अर्धं पांढरं. मागे एकच लांब पीस, तेही मोडकं, लोंबत होतं.

सगळा तलाव हसला. शेजारच्या डोंग्यातली यमू ओरडली, "रुखमाकाकू, साठ वर्षं एकाच पाहुण्याला दोन नावांनी चहा पाजला!"

"पाजला तर पाजला! तू तर पाणीसुद्धा विचारलं नाहीस," मी म्हटलं. मग टिपक्याकडे वळले. "लिही. भुरी म्हणजे कमळपक्षीच, साध्या कपड्यांतला. चूक रुखमाची. आता हिवाळ्यातलेही फोटो काढ."

हिरवा दिवा लागला. तीस डोंगे पाण्यात सरसर सुटले.

दुपारपर्यंत टोपल्या भरल्या. निरू कच्चा शिंगाडा सोलून खात होती. माझं लक्ष मात्र काठावर. तिथे एक मळकट बगळा बसला होता. श्रावणात याच काठावर तांबड्या पाठीचा बगळा बसतो. त्याला मी लहानपणापासून वेगळा समजते.

"निरू," मी हळूच म्हटलं, यमूला ऐकू जाऊ नये म्हणून, "उद्या याचे पाय बघू."