मितहस्त

पेट्रोल रेशनवर आल्यापासून गारगोटीत माणसाची पत ठरायची ती गाडीच्या ॲव्हरेजवर. चांगलं ॲव्हरेज देणाऱ्या पोराची सोयरीकही लवकर जमे. लोकांनी कार्ब्युरेटर बदलून पाहिले, टायरांत दगडासारखी हवा भरून पाहिली. इंजिनांवर संशोधन करणाऱ्या डॉ. हेमांगी दाभाडे यांनी मात्र साऱ्यांना वेड्यात काढलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: पेट्रोल इंजिन पीत नाही, मनगट पितं.

त्यांनी काड्यापेटीएवढी एक डबी केली. तिचं नाव मितहस्त, म्हणजे काटकसरी हात. ती बसवली की चालवणाऱ्याने ॲक्सिलरेटरची मूठ कशीही पिळली तरी इंजिनाला पेट्रोल किती सोडायचं ते डबीच ठरवी. हा हात खराखुरा होता, दूधवाले दिनकर चौगुले यांचा. तालुक्यात इतकी हलकी मूठ दुसरी नव्हती. डबीने वर्षभर त्यांच्या गाडीवर राहून ती शिकून घेतली. पुढे दिनकरराव अचानक गेले. त्यांचा हात मात्र गावभर गाड्या चालवू लागला आणि ॲव्हरेज जवळजवळ दुप्पट झालं.

फक्त एक खोट राहिली.

"घर आलं की बंद होण्याआधी गाडी एकदा जोरात रेस होते," दाभाडेबाई दिनकररावांच्या पत्नीला, शालनताईंना म्हणाल्या. "एवढा काटकसरी माणूस दारात पेट्रोल का उडवायचा?"

"माझ्यासाठी वो. आवाज आला की मी कडी काढायची आन् चहा टाकायची." शालनताई हसल्या. "आता गल्लीत कुणाचीबी गाडी आली तरी मी उठतीया. आधण ठेवल्यावर ध्यानात येतं."

"चमचाभरच पेट्रोल जातं, ताई. पण उद्या डबी राज्यभर गेली की लाखो गाड्यांत मिळून टँकर जातील. नव्या डबीत ही सवय नको, असं मला वाटतं. तरी हात तुमच्या माणसाचा, तुम्ही म्हणाल तसं."

शालनताईंनी वेळ घेतला नाही. "काढा की. त्यास्नी पेट्रोल वाया गेलेलं खपायचं न्हाई. आमच्या गाडीत तेवढं ऱ्हाऊ द्या."

महिन्याभरात गावातल्या जुन्या डब्या बदलल्या आणि साऱ्या गाड्या दारात गुपचूप थांबू लागल्या. शालनताईंना तिन्हीसांज खायला उठे. शेवटी त्या स्वतःच गाडी शिकल्या. एका संध्याकाळी पदर खोचून एकट्याच एसटी स्टँडपर्यंत गेल्या आणि वळून घरी आल्या. मूठ त्यांनी पिळलीसुद्धा नव्हती, तरी दारात गाडीने जोरात आवाज दिला. अगदी दिनकररावांचाच. शालनताई गाडीवरच दाराकडे बघत थांबल्या.

आतून कुणी कडी काढली नाही. दाराला कुलूप होतं आणि किल्ली शालनताईंच्याच कमरेला होती.