शेवटचा कोळंबा

माघ सरत आला होता आणि वायंगणाचे भात पोटरीला आले होते. उन्हाळी भाताला हेच दिवस नाजूक. आता पाणी चुकले की लोंबी वर येते ती पोचट. म्हणून त्या तिन्हीसांजेला चंद्रावती नेहमीप्रमाणे खांद्यावर फावडे टाकून आपल्या कुणग्यांकडे निघाली. कुणगा म्हणजे भाताचे लहान खाचर. तिचे असे चार होते, विहिरीच्या उतारावर एकाखाली एक. वीज आली की तिचा दीर गुणाजी विहिरीवरचा पंप चालू करी, आणि पाटाने आलेले पाणी ती पायाने चिखल सारून एकेका कुणग्यात वळवून घेई.

त्या दिवशी पंपाची घरघर नव्हती. वीज आलीच नव्हती. ती परत फिरणार, तोच तिच्या पावलाला गार पाणी लागले. पाट भरून वाहत होता.

आणि वरून, विहिरीच्या बाजूने, आवाज येत होता. कुर्र… मग जरा वेळाने पाणी ओतल्याचा आवाज. पुन्हा कुर्र… कोणीतरी लाट ओढत होते.

ही लाट समुद्राची नव्हे. पाणंदवाडीत विजेचे खांब येण्यापूर्वी सारा मळा हिच्यावर भिजत असे. विहिरीच्या काठी दुबेळक्याची, म्हणजे दोन फाटे फुटलेली मेढ रोवायची, तिच्यावर लांबलचक वासा आडवा तोलायचा. मागच्या टोकाला धोंडा, पुढच्या टोकाला उभा बांबू आणि बांबूला पाणी उपसायचा कोरीव लाकडी कोळंबा. माणूस बांबू खाली ओढतो, कोळंबा बुडतो, धोंड्याच्या भाराने भरून वर येतो आणि पन्हळीत उपडा होतो. पहाटेपासून ऊन चढेपर्यंत मळाभर अशा लाटा कुरकुरत. प्रत्येक मेढीचा आवाज निराळा, प्रत्येक माणसाची ओढ निराळी. चुलीपाशी बसलेल्या बाईला नुसत्या आवाजावरून कळे, की आपला माणूस दमला आहे, रागावला आहे की रंगात येऊन गुणगुणतो आहे. कोणाची लाट सकाळी उशिरापर्यंत गप्प राहिली, तर शेजारी भाकरी टाकून चौकशीला जात. पंप आले आणि हे सारे आवाज एकाच घरघरीत बुडाले.

लाटेची एक रीत होती. ओढणारा थांबण्यापूर्वी शेवटचा कोळंबा पाटात न ओतता पुन्हा विहिरीत सोडी. तेवढे पाणी विहिरीच्या राखण्याचे. राखणा म्हणजे जागेचा अदृश्य रक्षक; तो दिलेले घेतो, आणि न दिलेले मागायला येतो. जमिनीशी केलेल्या अशा करारात माणूस मालक नसतो, वाटेकरी असतो, आणि वाटेकऱ्याने दुसऱ्याचा वाटा ठेवायचा असतो. पंपाला मात्र शेवटचा कोळंबा नसतो. बटण दाबले की पाणी थांबते. त्यात कोणाला काही परत देण्याची जागाच नाही, आणि ही गोष्ट पाणंदवाडीत कोणाच्या ध्यानातही आली नाही.

चंद्रावतीचा नवरा लवू दोन वर्षांपूर्वी याच विहिरीवर गेला. भर उन्हात बांबू हातात असतानाच तो खाली बसला, तो उठला नाही. त्याचा कोळंबा त्याने स्वतः फणसाच्या लाकडातून कोरला होता. अंगठा रोवण्यासाठी काठाला कोयत्याने खाच मारलेली होती. हातातले अवजार माणसाबरोबर द्यायचे या वाडीच्या रिवाजाने तो कोळंबा सरणावर ठेवला गेला, आणि त्याची राख झालेली गुणाजीने आपल्या डोळ्यांनी पाहिली. नंतर कोणीतरी लाटेला एक साधा नवा कोळंबा अडकवला. तो वापरायची वेळच आली नाही, कारण त्याच उन्हाळ्यात पंप बसला.

पुढच्या काही संध्याकाळी लाटेचा आवाज साऱ्या वाडीने ऐकला. गुणाजी शहानिशा करायला गेला. रिकाम्या काठावर वासा खाली-वर होताना पाहून आला आणि तापाने अंथरुणाला खिळला. देवळात कौल लावला, तो उजवा पडला नाही. मानकऱ्यांनी निर्णय दिला आणि उठता-बसता येऊ लागताच तो गुणाजीनेच आणून तिच्या घरापुढच्या खळ्यात सांगितला.

"जागो सोडूक होयो, वयनी. दादाक सुटका गावली नाय. लाट तोडूची, बाव बुजवूची. शेतात कोणी पाय घालूचो नाय."

"आणि उभा भात?"

"ता तसाच ऱ्हवांदे."

"मगे मी खावचा काय? तुझ्या पंपाची वायर?"

"माझ्या घरात तुझे दोन घास जड नाय."

त्याने हे प्रेमाने म्हटले होते, आणि म्हणूनच ते तिला झोंबले. लव्हाळी उपटून, दगड वेचून ते चार कुणगे तिने आणि लवूने घडवले होते. त्यांच्यावर तिची वेगळी चूल पेटत होती. ते गेले की उरलेला जन्म दिराच्या पडवीत, जावेच्या हातच्या ताटाकडे बघत काढायचा. चंद्रावती पदर खोचून थेट देवळात गेली. मानकरी तिथेच जमले होते.

"देवाक मी मानतंय," ती म्हणाली. "पण देवान माझ्या घोवाचा नाव घेतल्यान काय? नाय मां? मगे ता तुम्ही घेतलास. बाव बुजवच्या आधी माका एक तिनसांज दिया. मी थंय बसतंय. तो आसलो तर माका वळखीत. नसलो तर मी तेका वळखतलंय."

"ह्या बायलमाणसाचा काम न्हय," एक म्हातारा मानकरी म्हणाला.

"बायलमाणसाचाच आसा. तेची लाट आयकत भाकऱ्यो कोणी भाजल्यो? तुम्ही?"

मागे बसलेला कोणीतरी हसला. त्या हसण्यानेच तिला ती एक संध्याकाळ मिळाली.

तिच्याबरोबर शेजारची कृष्णाबाई निघाली; लवूला खेळवलेली, आता कमरेत वाकलेली बाई. वरच्या मेरेपाशी येताच ती कंदील खाली ठेवून बांधावर बसली.

"माका भिया नाय हां," ती म्हणाली. "पाय दुखतत म्हणान बसलंय."

"बस गो. आणि पळूचा झाला तर कंदील ठेवन पळ."

"मेलां, तुका ह्या वेळार मस्करी सुचता!"

चंद्रावती एकटी पुढे गेली आणि मेढीपासून जरा दूर, पाटाच्या कडेला बसली. आभाळात अजून उजेड होता, पण विहिरीवरच्या आंब्याखाली तो पोहोचत नव्हता. शेवाळाचा आणि कुजल्या पाल्याचा वास दाटला होता. बेडूक ओरडत होते. ते एकाएकी थांबले.

कुर्र…

वासा वाकला. बांबू सरसर पाण्यात गेला, भरल्या कोळंब्याच्या वजनाने थरथरला, वर आला. कोळंबा पन्हळीवर कलंडला. काठावर कोणी नव्हते. ओल्या दगडावर पाऊल उमटत नव्हते. आणि तरीही ती ओढ… दोन लांब, एक आखूड, मग किंचित विसावा… लवूची होती. मग कोणी गुणगुणू लागले. तोच सूर, वरच्या पट्टीत नेहमी चिरकणारा.

"चंद्रा…"

या नावाने तिला एकच माणूस हाक मारी, आणि तीही घरात दुसरे कोणी नसताना.

"चंद्रा… ये… हात लाव… दमलंय मी…"

ती उठून उभी राहिली. पाय त्या दिशेने निघालेही. पण मनाच्या तळाशी एक हिशेब जागा होता. वर्षानुवर्षे चुलीपाशी बसून ऐकलेल्या आवाजाचा. तिने पाटातल्या चिखलात टाचा रोवल्या आणि वाट पाहिली. लाट ओढली जात राहिली. आभाळातला उजेड विझत गेला. ओढ मंदावली, विसावे लांबले, जशी लवूची काम संपताना होई तशी. अखेरचा कोळंबा भरून वर आला, क्षणभर हवेत डुलला…

आणि पाटात रिकामा झाला.

चंद्रावतीने श्वास सोडला.

"तू तो न्हय," ती म्हणाली.

कुठे काही हलले नाही. मग विहिरीच्या आतून, त्याच लाडक्या आवाजात, हळूच विचारणा आली.

"मगे… कोण…?"

"ता तुझा तू बघ. माझ्या घोवान जल्मात शेवटचो कोळंबो पाटात ओतूक नाय. तापान फणफणलो होतो तेवासुद्धा नाय. तेचो आवाज चोरलंस. सवय चोरूक जमाक नाय तुका."

तिने पुढे होऊन बांबू धरला. तो बर्फासारखा गार होता, आणि खालून कोणीतरी तो धरून होते. ओढ लागली तसे तिचे पाऊल काठावरून घसरले. मेरेवरून कृष्णाबाईने किंकाळी फोडली, पण ती पळाली नाही. चंद्रावतीने मेढीला पाय लावला, दोन्ही हातांची मूठ आवळली आणि देहाचा सारा भार मागे टाकला. धोंडा करकरला. तसूतसूने बांबू वर आला, भरला कोळंबा घेऊन.

"दोन वर्सां तुझो वाटो ऱ्हवलो, ह्या खरा," ती धापा टाकत म्हणाली. "ती चूक आमची. हो घे तुझो वाटो. उद्यापासून रोज गावतलो. पण माझ्या मेलेल्या माणसाच्या गळ्यासून मागूचा नाय. आणि शेत माझा. ता मी सोडूचंय नाय."

तिने कोळंबा विहिरीवर उपडा केला. पाणी अंधारात गेले.

ते पडल्याचा आवाज आला नाही.

ती कान देऊन उभी राहिली. विहीर खोल नव्हती. पाणी दोन पुरुषांवर होते. आवाज यायलाच हवा होता. खाली कोणीतरी ते ओंजळीत झेलून घ्यावे, तशी शांतता होती.

"घेतलंस?" चंद्रावती म्हणाली. "बरा."

आणि ती वळून, मागे न पाहता, कंदिलाच्या उजेडाकडे चालत गेली.

विहीर बुजवायला त्यानंतर कोणी आले नाही. भात कापायलाही कोणी आले नाही. ते दोघी बायकांनी मिळून कापले, झोडले, वारवले. दाणा इतका भरला होता, की कृष्णाबाईने मूठभर दाणे उचलून पुन्हा पुन्हा तळहातावर तोलून पाहिले. पंप सुरळीत चालू लागला. तो बंद झाला की चंद्रावती रोज लाट एकदा ओढून कोळंबाभर पाणी विहिरीला देई. ते पडल्याचा आवाज कधीच येत नसे. गुणाजीने एकदा बिचकत विचारले, तेव्हा ती म्हणाली, "घेणारो हळू घेता."

पुढच्या हंगामात ती तापाने पडली. एका संध्याकाळी उठणेच झाले नाही, आणि विहिरीचे पाणी द्यायचे राहिले. सकाळी कृष्णाबाईच्या हाकेने तिला जाग आली.

"चंद्रावती… गो… भायर बघ…"

उंबऱ्यासमोर सारवलेल्या खळ्यात एक कोळंबा ठेवलेला होता. काठोकाठ भरलेला. भोवती जमीन कोरडी. एक थेंब सांडलेला नाही, पावलाची खूण नाही. लाकूड फणसाचे होते. काठ एका बाजूने जळून काळा पडला होता, आणि त्या काळ्या भागात कोयत्याने मारलेली खाच होती.

गुणाजी धावत आला आणि खांबाला धरून उभा राहिला. "हो… हो मी जळताना बघलंय, वयनी. माझ्या डोळ्यांनी. जाळून टाक तो!"

"एकदा जळलो. परत इलो. किती वेळा जाळतलंस?"

"मगे हाडल्यान कोणी? बावीतल्या तेणा… काय दादान?"

चंद्रावती खाली वाकली. अंगात अजून ताप होता. तिने खाचेत अंगठा रोवला. तो नीट बसला. मग भरला कोळंबा छातीशी धरून ती दिवसाढवळ्या सगळ्या वाडीतून चालत निघाली. दारादारांत माणसे उभी राहिली होती, कोणी आडवे आले नाही. विहिरीवर पोहोचून पाहिले, तर लाटेचा नवा कोळंबा आपल्या जागी लटकत होता. कोरडा. तिने हातातले पाणी विहिरीत ओतले, आणि त्या सकाळी प्रथमच ते पडल्याचा आवाज आला. स्वच्छ, मोठा, मेरेवर थांबलेल्या सगळ्यांना ऐकू गेलेला.

नवा कोळंबा सोडून तिने त्या जागी लवूचा बांधला. तेव्हापासून त्या विहिरीवर तोच आहे. थंडीत रात्रभर दव पडते, बांबू भिजतो, मेढीवर थेंब साचतात. तरी पहाटे बोट लावले तर तो काळा काठ गरम लागतो, नुकताच विस्तवातून काढल्यासारखा. आणि त्या खाचेत, चंद्रावतीने अंगठा ठेवण्यापूर्वीच, कोणीतरी अंगठा रोवून असल्याचे तिला रोज जाणवते. ती हात मागे घेत नाही.