दुसऱ्या ओळीतलं मांजर

उपटलेलं टोमॅटोचं रोप शुभदाबाईंनी हेमांगीच्या टेबलावर आपटलं. वर्तकनगरच्या त्या एवढ्याशा डिटेक्टिव्ह ऑफिसात माती उडाली. रोपाच्या मुळांवर गाठीच गाठी होत्या.

"सूत्रकृमी मुळांत शिरले की हेच होतं. त्यांना अडवणारं जनुक माझ्या वाणात आहे, बारा वर्षं घातलीत मी! आणि उद्या अकराला कंपनीची समिती मला खोटारडी ठरवणार!"

"सगळ्याच रोपांना गाठी?" हेमांगीने विचारलं.

"फक्त दुसऱ्या ओळीला. चाचणीसाठी कृमी मी दोन्ही ओळींत सारखेच सोडले होते. म्हणे बी भेसळीचं."

"बी बदललं कुणीतरी!" हेमांगीचा सहकारी अनिमेष उसळला.

"गाठीवाल्या रोपांतही जनुक सापडलंय हो! पण टेस्ट मी केली, मग मानणार कोण? माती अठ्ठावीस अंशांवर तापली तर जनुक हरतं, पण रोज सकाळी सातची नोंद एकवीसच आहे."

डोंबिवलीच्या हरितगृहात जानेवारीचा गारठा होता. दोन टेबलं, दोन ओळी, कुंड्या वाळूत पुरलेल्या. मातीचा थर्मामीटर मात्र एकच, पहिल्या ओळीत. दुसरीत कुंड्यांच्या मधोमध मांजर पसरलं होतं. अनिमेषने हुसकावलं, ते परत तिथेच येऊन झोपलं.

"रोजचंच आहे मेल्याचं," माळी गुणाजी कावून म्हणाला. "पाणी दोन्हीकडे सारखंच घालतो मी. तरी साकेत सर सांगत सुटलेत, गुणाजीने घाण माती आणली!"

ज्युनियर उर्वीचाही पारा चढलेला होता. "माझी ट्रे तापवायची मॅट दोन महिने गायब आहे. मिरची उगवेना! ती ठेवतो त्या खोलीची चावी माझ्याकडे आणि साकेत सरांकडे. ऑफिसभर बोंबलले, कुणाला पडलीय?"

शुभदाबाई पडल्या तर त्यांच्याच कंपनीतल्या साकेतचा वाण पुढे जाणार होता. तो हसत बसला होता.

"उष्णतेची सबब चालणार नाही हं. परवाच दुसऱ्या ओळीची माती मी स्वतः मोजली. एकवीस."

"त्याला दुसरी ओळ मोजायची काय पडलेली?" बाहेर आल्यावर अनिमेष म्हणाला.

"कळेल उद्या," हेमांगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अकराला तिने अख्खी समिती हरितगृहात उभी केली. मांजर उचलून अनिमेषच्या हातात दिलं, बाही सारली आणि वाळूत हात खुपसला. काळी मॅट बाहेर आली. वायर ठिबकच्या नळीआडून गेलेली होती.

"हात लावा. गरम आहे. थंडीत ऊब कुठे आहे ते मांजराला कळलं, तुम्हा शिकलेल्यांना नाही! बी तेच, जनुक तेच. फक्त या ओळीची माती तापवली, म्हणून जनुक हरलं. थर्मामीटर पलीकडे, त्याला पत्ताच नाही."

"पण चावी उर्वीकडेही आहे," अनिमेष म्हणाला.

"चोरलेल्या वस्तूसाठी ती ऑफिसभर बोंबलेल का रे? आणि मांजर रोज इथे झोपतं, म्हणजे मॅट रोज चालू. मग साकेत, तुम्हाला त्या दिवशी एकवीस कसे मिळाले? मोजलं असतंत तर मॅट तेव्हाच सापडली असती. तुम्ही खोटं बोललात."

साकेत शुभदाबाईंकडे वळला. "मॅडम, माझं करिअर... मी तुमचाच विद्यार्थी ना?"

"माती तापली की जनुक हरतं, हे कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच."

"पहिल्या बाकावर बसायचास. सगळं नीट ऐकलंस की रे!" शुभदाबाईंचा आवाज खाली आला नाही. "आता समितीला सांग काय केलंस ते. मोठ्याने. तिकडे गुणाजी उभा आहे, त्यालाही ऐकू गेलं पाहिजे."