एकाच स्क्रूखाली सगळ्या तारा

"वॉचमनकाका, मोटर बंद करा! टाकी वाहतेय!"

"अहो, तेच सांगायला मी फोन उचललाय… तुम्ही वॉचमन नाही?"

तिच्या हातातून रिसीव्हर सुटता सुटता राहिला. भिंतीवरच्या त्या इंटरकॉममध्ये आजवर वॉचमनच्या खोकल्याखेरीज काही ऐकू आलं नव्हतं. आणि आज हा… धुऊन मऊ झालेल्या सुती कापडासारखा आवाज!

"मी वॉचमनसारखी वाटते?"

"ओरडण्यावरून तरी वाटलात."

खिडकीबाहेर टाकीचं पाणी धो धो पडत होतं. मोटर बंद करायची दोघांनाही आठवण राहिली नाही.

ती आत्यासोबत तिसऱ्या मजल्यावर राहायची आणि शाळकरी मुलांसाठीच्या इंग्रजी-मराठी कोशाच्या कचेरीत काम करायची. त्या आठवड्यात तिच्या वाट्याला 'कनेक्शन' हा शब्द आला होता. संपादकबाईंनी बजावलं होतं, "पुस्तकातले अर्थ नकोत. लोक बोलतात तसे आण."

दुसऱ्या संध्याकाळी तिनं उगाचच फोन उचलला. तो होताच.

"तुमच्या कामात कनेक्शन म्हणजे काय हो?"

"मी बस डेपोत वेळापत्रकं बसवतो. आमच्यात कनेक्शन म्हणजे एका गाडीनं दुसरीसाठी थांबायचं."

"किती वेळ?"

"ती येईपर्यंत."

"आणि नाहीच आली तर?"

"ड्रायव्हर उतारूंच्या शिव्या खातो… पण थांबतो."

हा अर्थ कोशात कुठं बसवायचा, तेच तिला कळेना.

मग रोजच सुरू झालं. नळाची जोडणी, साखळीची कडी, साहेबाकडचा वशिला, पाहुण्यांची सोयरीक… अर्थ संपत नव्हते. खरं तर त्यांना ते संपू द्यायचे नव्हते. 'तुम्ही'चं 'तू' झालं. ती त्याला 'वेळापत्रक' म्हणायची, तो तिला 'शब्दवाली'. मजला मात्र सांगायचा नाही, असं ठरलं होतं. जिन्यात दिसेल त्या पुरुषाकडे ती चोरून बघायची. एक जण तर ती दिसली की भिंतीला चिकटून वाट द्यायचा, बुटांच्या नाड्या बघत राहायचा आणि कानापर्यंत लाल व्हायचा. छे… हा कसला इतका बोलणारा!

एका संध्याकाळी त्याचा आवाज उतरलेला होता.

"मला दुसऱ्या शहरातल्या डेपोत बोलावलंय. उद्या संध्याकाळी जाऊन हो की नाही सांगायचंय."

"मग?"

"इथं राहण्यासारखं काही असेल… तर नाही म्हणेन. आहे का काही?"

"उद्या सांगते," म्हणून तिनं फोन ठेवला.

सकाळी जिन्यात तळमजल्याच्या शिंपीणकाकू भेटल्या, गळ्यात टेप टाकलेल्या.

"अगं, तुमच्या यादीत 'सांधा' राहिला की! आणि 'लागेबांधे' नाही धरलेस?"

तिचा पाय पायरीवरच थिजला. "काकू… तुम्हाला कसं…?"

"कसं म्हणजे? मोटरसाठी माझ्या शिवणखोलीतला फोन उचलला होता गं. मग ठेववेना."

पहिल्या मजल्यावरच्या मास्तरांनी दारातून डोकं काढलं. "'अनुबंध' मी कधीपासून सुचवणार होतो. पण मध्येच बोलणं बरं दिसत नाही!"

आता कुठं तिला मास्तरांकडून सगळं समजलं. इंटरकॉम दुरुस्त करायला आलेल्या इलेक्ट्रिशियनजवळची रंगीत वायर संपली, उरलेल्या एकाच रंगात त्याचा घोळ झाला, आणि त्यानं सगळ्या घरांच्या तारा एकाच स्क्रूखाली आवळल्या. अख्खी इमारत एका लाइनवर!

ती धावत वर आली. आत्या शांतपणे शेंगा सोलत होती.

"मी बाई काही ऐकलं नाही," ती आपणहूनच म्हणाली. "पण त्याला उत्तर दे. पोरगा तिष्ठतोय."

"आत्या! तूसुद्धा?"

दिवसभर तिला तोंड लपवायला जागा नव्हती. पुन्हा फोनला हात लावायचा नाही, तिनं ठरवून टाकलं. पण नाही लावला, तर तो जाईल. संध्याकाळी खालून इलेक्ट्रिशियनचा आवाज आला, "तारा सोडवायला आलोय!" पाठोपाठ काकूंचा, "थांब रे, घाई काय तुला!"

तिनं डोळे मिटले आणि फोन उचलला. लाइनवर शांतता होती. पण त्या शांततेत श्वास होते, एक पंखा होता आणि आत्ताच बंद पडलेलं शिलाई मशीन होतं.

"ऐकताय ना सगळे? ऐका मग! वेळापत्रक, तू दिसतोस कसा, राहतोस कुठं, मला माहीत नाही. पण तुझा आवाज ऐकल्याशिवाय मला संध्याकाळ झाल्यासारखं वाटत नाही. तू गेलास, तर मी हा फोन भिंतीतून उपटून टाकीन. झालं… बोलले."

मग काकूंचा बारीक आवाज आला.

"पोरी… तो आंघोळीला गेलाय गं."

"को-कोण?"

"माझा भाचा. तोच तो. दिवसभर तुझा फोन नाही, म्हणून डेपोत होकार द्यायला निघालाय."

"म्हणजे त्यानं काहीच…"

"तो सोडून सगळ्यांनी ऐकलं," मास्तर म्हणाले.

खाली काकू बाथरूमचं दार कात्रीनं ठोकत होत्या. दारं उघडली, एकच गलका झाला. अनवाणी पावलं जिना चढू लागली आणि प्रत्येक मजल्यावर अडत अडत वर आली.

दारात तो उभा होता. केस ओले, शर्टाची बटणं वरखाली. नाड्या बघणारा तोच! आज बघायला बूटच नव्हते.

"मावशी म्हणाली, तुझा जीव जडलाय," तो धापा टाकत म्हणाला. "मास्तर म्हणाले, अनुबंध. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, पोरगी अडकली रे. इलेक्ट्रिशियन म्हणतो, शॉर्टसर्किट. मला यातलं एकही खरं वाटेना. तू काय म्हणालीस?"

"ते खूप मोठं होतं. पुन्हा नाही जमणार."

"मग थोडक्यात सांग."

एवढे शब्द गोळा केले होते, पण एकही जिभेवर येईना. त्याच्या केसांतून थेंब गळत होते… टप, टप, उंबऱ्यावर.

"थांब," ती म्हणाली.

तो हसला आणि तिथंच उंबऱ्यावर बसला. पुन्हा कानापर्यंत लाल.

"काकू, आता तरी सोडवू का तारा?" खालून इलेक्ट्रिशियन ओरडला.

"नको!" सगळ्या मजल्यांवरून एकदमच उत्तर गेलं, आणि त्यात आत्याचा आवाज सगळ्यात मोठा होता.